अ‍ॅझुरिनचे दोन स्फटिक: एक निळाशार, एक पाण्यासारखा

दोन्ही स्फटिक एकाच प्रथिनाचे, एकाच ट्रेमधले, वरच्या-खालच्या ओळीतले. आकार तोच, कडा तितक्याच धारदार. फरक एवढाच, की वरच्या ओळीतले निळेशार होते आणि खालच्या ओळीतले पाण्यासारखे. माझ्या विद्यार्थिनीनं ट्रेच्या कडेला मार्करनं लिहून ठेवलं होतं: वरच्या ओळीपुढे ‘तांबं’, खालच्या ओळीपुढे ‘रिकामं’. पुढच्या चार महिन्यांची सगळी भानगड त्या दुसऱ्या शब्दातून निघाली. शब्द तिनं लिहिला असला, तरी वहीच्या त्या पानावर तपासल्याची सही माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

प्रथिन होतं अ‍ॅझुरिन. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत ते इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. चण लहान: १२८ अमिनो आम्लं, वजन सुमारे १४ किलोडाल्टन, पोटात तांब्याचा एकच अणू. नावही निळ्या रंगावरूनच पडलेलं. मूळ जिवाणू रोगकारक, त्यामुळे त्याच्या वाटेला न जाता बहुतेक जण जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये घालतात. प्रथिन जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या पोकळीत साठतं. तिथून ते बाहेर काढायचं, पीएच ४.५ च्या आसपासच्या बफरमध्ये टाकायचं, म्हणजे नको असलेली बरीच प्रथिनं साक्यासारखी खाली बसतात. वरचं नितळ द्रावण कॉलमवर, म्हणजे प्रथिनं वेगवेगळी करणाऱ्या नळीवर, चढवायचं. मध्ये कुठेतरी मोरचुदाचे चार थेंब घातले, की द्रावण डोळ्यांदेखत निळं होतं. नव्या विद्यार्थ्याला पहिलं प्रथिन म्हणून मी हेच देते. कॉलमवर काय चाललंय ते यंत्राकडे न बघता दिसतं.

या खेपेला निळा पट्टा उतरला आणि त्याच्या पाठोपाठ, प्रथिन दाखवणाऱ्या २८० नॅनोमीटरच्या रेषेवर, आणखी एक उंचवटा आला. त्या नळ्या मात्र बिनरंगी होत्या. प्रथिनांना वजनानुसार वेगळं करणाऱ्या जेलवर दोन्ही नमुने एकाच उंचीला, १४ किलोडाल्टनच्या खुणेजवळ.

“मॅडम, हे तांबं न मिळालेलं अ‍ॅझुरिन असणार. मोरचूद कमी पडलं असेल.”

“मग आणखी घालून बघ.”

तिनं घातलं, रात्रभर ठेवलं, जास्तीचं तांबं डायलिसिसनं काढून टाकलं. द्रावण जसंच्या तसं, पाण्यासारखं.

त्यावर आम्ही काढलेलं अनुमान असं: तांब्याला धरून ठेवणारं ११२ क्रमांकाचं सिस्टीन हवेतल्या ऑक्सिजननं बिघडलं असेल, म्हणून तांब्याला बसायला जागाच उरली नसेल. ऐकायला पटण्यासारखं होतं. सिस्टीन बिघडतंच. पटण्यासारखी गोष्ट कुणी तपासत नाही, तशी आम्हीही तपासली नाही. बिनरंगी नळ्यांवर ‘रिकामं’ अशी चिठ्ठी चिकटली आणि त्याचेही स्फटिक लावायचे ठरले. रिकाम्या अ‍ॅझुरिनची रचना, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळणारी अणूंची मांडणी, आम्हाला तुलनेसाठी हवीच होती. म्हटलं, आयतंच मिळालं.

निळं इतकं निळं का

अमोनियम सल्फेट, थोडं लिथियम नायट्रेट, अ‍ॅसिटेट बफर. आठवड्याभरात दोन्ही ओळींत स्फटिक आले. वरच्या ओळीतला सगळ्यात मोठा स्फटिक जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीचा होता. त्याच्या भोवतीचा थेंब अगदी फिकट आकाशी, आणि हा मात्र दौतीतल्या शाईचा तुकडा पडावा तसा. सूक्ष्मदर्शकात पोलरायझर घालून खालची तबकडी फिरवली, तर एका बाजूला जरा गडद आणि नव्वद अंशांवर जरा फिका. विद्यार्थिनीनं तबकडी पंधरा-वीस वेळा फिरवली असेल. मी तिला थांबवलं नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मीही तेच केलं होतं.

हा रंग साध्या तांब्याचा नव्हे. मोरचूद पाण्यात विरघळवलं की तांब्याभोवती पाण्याचे रेणू बसतात. त्या तांब्याचा निळा रंग त्याच्या स्वतःच्याच इलेक्ट्रॉनांनी आपल्या कक्षांमध्ये मारलेल्या उड्यांमुळे दिसतो. या उड्यांना क्वांटम नियमांची जवळजवळ बंदीच आहे, त्यामुळे त्या क्वचित होतात आणि रंग दुबळा राहतो. अशा तांब्याचा मोलर शोषणांक, म्हणजे प्रकाश गिळण्याची ताकद सांगणारा आकडा, १२ च्या आसपास. अ‍ॅझुरिनमध्ये इलेक्ट्रॉन उडी मारतो तो सिस्टीनच्या गंधकावरून थेट तांब्यावर. या उडीला मज्जाव नाही. ६२५ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबूस-नारिंगी प्रकाश ती गिळते, आणि तिथला शोषणांक ५,००० च्या वर जातो. म्हणजे तांबं तेच, पण शेजारी बसलेल्या गंधकामुळे रंग चारशे पट गडद. याच घराण्यातलं दुसरं प्रथिन म्हणजे पॉप्लरच्या पानांमधलं प्लास्टोसायनिन. सिडनीत हान्स फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली त्याची रचना काढली. पुढे त्याच स्फटिकांमधून ध्रुवित प्रकाश पाठवून पाहिला गेला आणि निळेपण तांबं-गंधक बंधातूनच येतं, हे पक्कं झालं. आमच्या स्फटिकाचं तबकडीवर गडद-फिकं होणं हे त्याचंच घरगुती रूप.

इथे थोडा हिशेब मांडते, कारण स्फटिकाचा रंग डोळ्याला दिसेल की नाही ते यावरच ठरतं. आमच्या स्फटिकाच्या एका युनिट सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानशा खणात, प्रथिनाचे १६ रेणू होते आणि तिचं घनफळ सुमारे ५ लाख घन अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). त्यावरून स्फटिकातलं प्रथिनाचं प्रमाण निघतं सुमारे ५० मिलिमोलर. थेंबात ते १ मिलिमोलरही नव्हतं. ०.१ मिलिमीटर जाडी, ५० मिलिमोलर आणि ५,००० चा शोषणांक यांचा गुणाकार २.५ येतो. म्हणजे त्या रंगाच्या प्रकाशाच्या हजार भागांतले तीनच भाग पलीकडे पोचतात. हेच तांबं मोरचुदातल्यासारखं असतं, तर गुणाकार ०.००६ आला असता. शंभरातला एक-दीड भाग अडला असता आणि स्फटिक बिनरंगीच दिसला असता.

प्रथिनाच्या स्फटिकात धातू असला म्हणजे रंग दिसायलाच हवा, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. निकेलभोवती सहा बाजूंनी नत्र-ऑक्सिजन बसलेले असतील, तर इतक्या बारीक स्फटिकात काहीच दिसत नाही. उलट रक्ताला लाल करणाऱ्या हीमचं लोह इतकं गडद, की दशांश मिलिमीटरचा स्फटिक काळपट डाळिंबी, जवळजवळ अपारदर्शक होतो. रुबरेडॉक्सिनमधलं लोह चार सिस्टीनांत बसतं, त्याचे स्फटिक विटकरी-लाल. ट्रान्सफेरिनला लोह मिळालं की अबोलीकडे झुकणारा गुलाबी. धातूचं नाव ऐकून रंग सांगता येत नाही. शेजारी कोण बसलंय आणि धातूवर किती विद्युतभार आहे, ते कळलं तरच सांगता येतो.

युरिएजची गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते. जेम्स सम्नरनं १९२६ साली जॅक बीनच्या दाण्यांतून युरिएजचे स्फटिक काढले. विकर (एन्झाइम) म्हणजे प्रथिन, हे त्या स्फटिकांनी दाखवून दिलं आणि पुढे १९४६ साली सम्नरला नोबेल मिळालं. त्या प्रथिनात निकेल आहे हे कळलं १९७५ साली. जवळपास पन्नास वर्षं शेकडो लोकांनी ते प्रथिन हाताळलं. आत बसलेल्या निकेलनं कुणाला हाक मारली नाही.

हे सगळं तुकडीला तोंडपाठ सांगणारी मी, आणि आमच्याच ट्रेवर ‘रिकामं’ लिहिलेलं.

रिकाम्या जागेत डोंगर

खालच्या ओळीतला स्फटिक आम्ही प्रयोगशाळेतल्याच क्ष-किरण यंत्रावर लावला. २.१ अँगस्ट्रॉमपर्यंतचा डेटा मिळाला, रचना सुटायला वेळ लागला नाही. इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत ते दाखवणारा नकाशा उघडला तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. हिस्टिडीन ४६, सिस्टीन ११२, हिस्टिडीन ११७ आणि मेथिओनीन १२१ यांच्या मधोमध, जिथे पोकळी असायला हवी होती, तिथे इलेक्ट्रॉन-घनतेचा डोंगर. पाण्याचा रेणू एवढा मोठा दिसत नाही. सिस्टीनही धडधाकट, त्याला ऑक्सिजन लागल्याची खूण नाही.

“मॅडम, हे रिकामं नाहीये.”

नव्हतंच. आणि तांबं आत का शिरत नव्हतं, त्याचं उत्तरही समोर होतं: खोली आधीच अडवलेली होती. पण अडवली कुणी?

बिनरंगी आणि तरी धातू असलेला, असे दोनच उमेदवार डोक्यात आले. पहिला, क्युप्रस तांबं. क्युप्रिक तांब्याच्या बाहेरच्या कक्षेत एक जागा रिकामी असते, गंधकावरचा इलेक्ट्रॉन तिथेच उडी मारतो. क्युप्रसमध्ये ती जागा भरलेली असते, दहाच्या दहा इलेक्ट्रॉन. उडी मारायला जागा नाही, म्हणून रंग नाही. दुसरा उमेदवार जस्त. जस्ताचेही दहाच्या दहा भरलेले, आणि तेही कायमचे. या दोघांचं बिनरंगीपण डोळ्याला सारखंच दिसतं. खरोखर रिकामं असलेलं अ‍ॅझुरिनही तसंच दिसतं. तीन वेगळी कारणं आणि रूप एकच.

नकाशाला विचारावं, तर तोही हात वर करतो. तांब्याचे इलेक्ट्रॉन २९, जस्ताचे ३०. २.१ अँगस्ट्रॉमच्या नकाशात एका इलेक्ट्रॉनचा फरक ओळखणं म्हणजे पोत्यातून एक दाणा कमी झाला का, ते पोतं उचलून सांगण्यासारखं. दुसरा मार्ग विसंगत प्रकीर्णनाचा. प्रत्येक धातूची क्ष-किरण शोषणाची एक ठरलेली पायरी असते. तिच्या वरच्या ऊर्जेला तो धातू डेटामध्ये ठळक खूण सोडतो, खालच्या ऊर्जेला जवळजवळ गप्प राहतो. तांब्याची पायरी ८.९८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, जस्ताची ९.६६ वर. आमच्या यंत्राचा अ‍ॅनोड तांब्याचाच, त्यातून निघणारे किरण ८.०५ चे. दोन्ही पायऱ्यांच्या खाली. तांब्याच्या अ‍ॅनोडमधून निघालेले किरण नेमके तांब्यालाच ओळखू शकत नाहीत, याची गंमत वाटली, पण उपयोग काही नव्हता.

मग साधी चाचणी केली. पोटॅशियम फेरीसायनाइड क्युप्रस तांब्याचं क्युप्रिक करतं. आधी खात्री म्हणून एक निळा स्फटिक घेतला, अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये बुडवून त्याचा रंग घालवला, आणि मग फेरीसायनाइड दिलं. निळा परत आला. कडेकडून आत सरकत गेलेला तो रंग बघण्यासारखा होता. मग खालच्या ओळीतला स्फटिक. तो फेरीसायनाइडच्याच पिवळ्या रंगानं पिवळा झाला, ताज्या द्रावणात दोनदा धुतल्यावर पुन्हा पाण्यासारखा. निळेपणाची छटासुद्धा नाही. क्युप्रस तांबं बाद.

उरलं जस्त. आता वाचायला बसलो, म्हणजे जे काम पहिल्या आठवड्यात करायचं ते तिसऱ्या महिन्यात सुरू केलं. हर्बर्ट नार, रॉबर्ट ह्यूबर, गेरार्ड कँटर्स आणि सहकाऱ्यांचा १९९२ सालचा लेख सापडला: ई. कोलायमध्ये अ‍ॅझुरिन बनवताना तांबं न स्वीकारणारं एक बिनरंगी अ‍ॅझुरिन सोबत तयार होतं, आणि ते निघतं जस्त-अ‍ॅझुरिन. त्याचे स्फटिक, त्याची रचना, सगळं तिथे छापलेलं. आमची अवस्था म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लेख वाचल्यावर नकाशा पुन्हा उघडला, तेव्हा आधी नजरेतून सुटलेली एक गोष्ट दिसली. तांबं असलेल्या अ‍ॅझुरिनमध्ये धातूपासून ४५ व्या ग्लायसिनचा ऑक्सिजन सुमारे ३ अँगस्ट्रॉमवर असतो. आमच्या बिनरंगी स्फटिकात तो २.३ वर होता; धातू त्याच्याकडे झुकला होता आणि मेथिओनीनपासून लांब सरकला होता. जस्ताला चौकोनी-त्रिकोणी कशीही बैठक चालत नाही. त्याला चारी बाजूंनी नीट धरून बसायला आवडतं, आणि ऑक्सिजनशी त्याचं जमतं. म्हणजे नकाशा अगदीच मुका नव्हता. आम्ही डोंगराची उंची मोजत बसलो, तो उभा कुठे आहे ते पाहिलं नाही.

बीमलाइनवर

खातरजमा सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे हव्या त्या ऊर्जेचे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राच्या, एका किरणवाटेवर (बीमलाइनवर) झाली, आणि ती पाच मिनिटांची निघाली. स्फटिक धातू नसलेल्या द्रावणात धुऊन गोठवले होते. हे महत्त्वाचं, नाहीतर बाहेरच्या द्रावणातलं मोरचूदच आतलं म्हणून मिरवतं. चढ्या ऊर्जेचा किरण टाकला की प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या ऊर्जेचा प्रकाश परत टाकतो: तांबं ८.०५, जस्त ८.६४. निळ्या स्फटिकात ८.०५ वर उंच शिखर. बिनरंगीत तिथे सपाट, आणि ८.६४ वर शिखर.

पण या चाचणीतून धातू स्फटिकात आहे इतकंच कळतं, नेमका कुठल्या जागी ते नाही. म्हणून बिनरंगी स्फटिकाचा डेटा दोनदा घेतला. एकदा ९.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, दोन पायऱ्यांच्या मधोमध, जिथे तांबं असेल तर बोलेल आणि जस्त असेल तर गप्प बसेल. एकदा ९.७५ ला, जिथे जस्तही बोलेल. पहिल्या विसंगत नकाशात धातूची जागा कोरी. दुसऱ्यात तिथेच ठसठशीत शिखर. विषय संपला, असं वाटलं.

मग निळ्या स्फटिकाचा पूर्ण डेटा लावला आणि चहाला गेलो. परत येऊन कॅमेऱ्यात पाहिलं, तर स्फटिक धरणाऱ्या बारीक लूपमधल्या निळ्या वडीवर मधोमध एक फिकट पट्टा होता. जिथून किरण गेला होता तेवढी जागा खोडरबरानं पुसल्यासारखी. दोन्ही कडा अजून निळ्या.

ज्या स्फटिकाला आम्ही ट्रेवर ‘तांबं’ लिहून निर्धास्त झालो होतो, त्याचीही आता भानगड निघाली. क्ष-किरण स्फटिकातल्या पाण्यातून इलेक्ट्रॉन सुटे करतात. १०० केल्व्हिनला रेणू जागचे हलत नाहीत, पण इलेक्ट्रॉन तेवढ्या थंडीतही वाट काढतात, आणि इलेक्ट्रॉनची ने-आण हेच ज्याचं काम त्या तांब्याला ते पहिले गाठतात. क्युप्रिकचं क्युप्रस होतं आणि रंग जातो. विवर्तनात, म्हणजे स्फटिकानं क्ष-किरण विखरून उमटवलेल्या डागांत, मात्र यातलं काहीच जाणवत नाही. एल्स्पेथ गारमन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली गोठवलेल्या स्फटिकांसाठी सुचवलेली क्ष-किरणांच्या मात्रेची मर्यादा आहे ३० मेगाग्रे. धातूचा विद्युतभार त्याच्या कितीतरी आधी बदलून बसलेला असतो. डाग सुंदर, आकडे सुंदर, आणि रचनेत जे तांबं दिसतंय ते स्फटिक चढवला तेव्हाचं नाही.

बीमलाइनवर प्रकाश-वर्णपटमापक होता, म्हणून दुसरा निळा स्फटिक लावून ६२५ नॅनोमीटरचं शिखर किरण चालू असताना मोजत राहिलो. पूर्ण डेटाला लागणाऱ्या वेळेच्या साधारण दहाव्या हिश्शातच ते निम्म्यावर आलं. उरलेला नऊ-दशांश डेटा मुख्यतः क्युप्रस तांब्याचा. आणि अ‍ॅझुरिनची खोली इतकी ताठ, की तांब्याची अवस्था बदलली तरी भोवतालचे बंध ०.१ अँगस्ट्रॉमच्या आतबाहेरच हलतात; ही खोली इलेक्ट्रॉन झटपट घ्यायला-सोडायला बनलेली, मोठी हालचाल तिला परवडणार नाही. त्यामुळे नकाशावरून क्युप्रिक की क्युप्रस हे कुणी सांगू शकलं नसतं. सांगू शकत होता तो रंगच, आणि तोही किरण पडायच्या आधी.

रंग ही सजावट नाही, मोजमाप आहे, असं मी वर्गात म्हणत आले होते. पण आमच्याच वहीत निळ्या स्फटिकाचा फोटो होता, वर्णपट नव्हता.

उपाय काही नवीन नाही. २००२ साली हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या लोह असलेल्या विकरावर काम करणाऱ्यांनी दाखवलेलीच वाट धरली: बऱ्याच स्फटिकांतून प्रत्येकी सुरुवातीचा थोडाथोडा तुकडा घ्यायचा, मात्रा कमी असतानाचाच, आणि ते तुकडे जोडून एक डेटा बनवायचा. नऊ स्फटिक लागले. प्रत्येकाचा वर्णपट आधी आणि नंतर. जोडलेल्या डेटात शिखराची घट दहा टक्क्यांच्या आत राहिली. हेच मोठ्या पातळीवर करायचं तर फेम्टोसेकंदाच्या लेसर-क्ष-किरणांचा मार्ग आहे, जिथे इलेक्ट्रॉनला वाट काढायला वेळच मिळत नाही. २०१५ साली प्रकाशसंश्लेषणातल्या फोटोसिस्टिम-२ या प्रथिनसमूहामधल्या मँगनीजची किरणांनी न बिघडलेली रचना तशीच मिळाली. आमच्या कामाला नऊ स्फटिक पुरले.

वहीतला आकडा

परतल्यावर मी तिची वही पहिल्या पानापासून वाचली. कॉलमवर चढवण्याआधीच्या, मोरचूद घातलेल्या द्रावणाचा वर्णपट तिनं घेतलेला होता. ६२५ चं शोषण भागिले २८० चं शोषण: ०.३१. नीट तांबं भरलेल्या शुद्ध अ‍ॅझुरिनला हे गुणोत्तर ०.५५ च्या आसपास येतं. म्हणजे भेसळीची प्रथिनं धरूनसुद्धा, प्रथिनाचा मोठा हिस्सा निळा नव्हता आणि मोरचूद ओतूनही निळा होत नव्हता, हे कॉलमच्या आधीच कागदावर होतं. आकड्याखाली तिनं पेन्सिलनं छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं होतं. शेजारी माझी सही.

हे वाचून मधल्या नळ्यांचीही आठवण झाली, निळा पट्टा आणि बिनरंगी उंचवटा जिथे एकमेकांवर चढले होते त्या. त्यांचे स्फटिक फिकट आकाशी आले होते आणि आम्ही ते ‘लहान आहेत म्हणून फिके’ असं म्हणून सोडून दिले होते. जाडी मोजून हिशेब केला, तर त्या जाडीला रंग याच्या दुप्पट गडद दिसायला हवा होता. जस्त आणि तांब्याचं अ‍ॅझुरिन इतकं सारखं, की दोन्ही रेणू एकाच स्फटिकात खांद्याला खांदा लावून बसतात. फिकट स्फटिक म्हणजे दोघांची मिसळ. त्याचा नकाशा काढला असता तर एकच धातू एकाच जागी, थोडा पसरट, असा दिसला असता आणि आम्ही त्याला बिनदिक्कत तांबं म्हटलं असतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती या फिकट स्फटिकांची. बिनरंगी स्फटिक निदान संशय तरी घ्यायला लावतो.

जस्त आलं कुठून, याचं उत्तर सोपं होतं: जिवाणू वाढवायच्या माध्यमातून. तिथे जस्त असतंच, आणि तांबं मात्र ई. कोलाय विष समजून हाकलत असतो. प्रथिन घडी घालून तयार होतं तेव्हा आसपास जस्त हजर आणि तांबं गैरहजर. खोली जस्ताला मिळते आणि मग ते हलत नाही. आम्ही मोरचूद घालत होतो ते प्रथिन बाहेर काढल्यावर, म्हणजे बिऱ्हाड बसून गेल्यावर. पुढच्या खेपेला जस्त कमी असलेलं माध्यम घेतलं आणि मोरचूद जिवाणू वाढत असतानाच दिलं, जिवाणूंना सोसेल इतकंच. जिवाणू थोडे कुरकुरले, उत्पन्न घटलं, पण कॉलमनंतर गुणोत्तर ०.५२ आलं आणि निळ्या पट्ट्यामागचा उंचवटा जेमतेम उरला.

रुबरेडॉक्सिनवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडेही ई. कोलायमधून लाल लोह-रुबरेडॉक्सिनबरोबर बिनरंगी जस्त-रुबरेडॉक्सिन येतंच; दोन्हींच्या रचना १९९६ सालीच प्रसिद्ध झालेल्या आहेत. तिथे म्हणे नवा विद्यार्थी बिनरंगी नळ्या बेसिनमध्ये ओतून देतो. आमच्याकडे निदान ट्रे तरी लावला गेला.

खरं रिकामं अ‍ॅझुरिन आम्हाला अजून हवंच होतं. तिनं या खेपेला ते निळ्यापासून बनवलं: तांबं आधी क्युप्रस केलं, मग थायोयुरियाच्या द्रावणात डायलिसिसला लावून काढून घेतलं. पिशवीतला निळा रंग गेला. पण रंग गेला म्हणजे धातू गेला, असं आता आमच्यापैकी कुणीच म्हणणार नव्हतं. तिनं त्यातलं थोडं द्रावण वेगळ्या नळीत घेतलं, मोरचुदाचा एक थेंब सोडला आणि पिपेटनं ढवळलं. ढवळता ढवळता नळी निळी झाली. तो वर्णपट वहीत डकवला, गुणोत्तर लिहिलं, आणि मगच नव्या ट्रेच्या कडेला मार्करनं ‘रिकामं’ असं लिहिलं. जुन्या ट्रेवरचा तोच शब्द तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून तिथे ‘जस्त’ केलं होतं. वरच्या ओळीपुढच्या ‘तांबं’ला मात्र हात लावला नव्हता, त्याच्या पुढे बारीक अक्षरात भर घातली होती, ‘किरणाआधी’.